निळ्या रंगाची भाजी नसते

मोठीमाय कापड घ्यायला निघाली की आधी वाडीत जायची. एक वांगं, मेथीच्या चार काड्या, लाल पडलेली एखादी मिरची, दुधीच्या सालीचा तुकडा, असं काय काय पिशवीत टाकायची आणि मग मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळच्या मॅचिंग सेंटरात शिरायची. तिथे बायका साड्यांच्या घड्या घेऊन काउंटरला टेकून उभ्या असत. कुणाला ब्लाऊजपीस हवं असे, कुणाला फॉल. मोठीमाय त्यांच्यामधून हात घालून काउंटरवर वांगं ठेवायची आणि म्हणायची, “हे दे.”

दुकान नवीन होतं तेव्हा दुकानदाराने, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, ते वांगं हळूच परत सरकवलं होतं. “मावशी, भाजीबाजार तिकडं हाये,” असं तो म्हणाला होता. हे तो स्वतःच हसत सांगतो. त्यावर मोठीमाय म्हणाली, “मले माहीत हाये बाप्पा. मी तथूनच आली. ह्या वांग्याचा कपडा दे. देठाचाबी दे, अलग.”

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठीमाय म्हणतात. तिला मात्र सगळी गल्लीच मोठीमाय म्हणायची, तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा. मोठे बाबा लवकर गेले. गावाला लागून असलेली भाजीपाल्याची वाडी, मुलगा संजूदादा आणि सून रेखावहिनी एवढा तिचा संसार होता. सकाळ वाडीत जायची आणि दुपार ओट्यावर, गोधड्या शिवण्यात. तिच्या बोलण्यात ‘ळ’ नव्हता. काळा तिच्याकडे काया, निळा निया आणि डोळे डोये. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे रंगांचंच बोलणं आहे.

तिच्या गोधडीत छापील कापड चालत नसे. फुलं, बुट्टे, चौकडे, काहीच नाही. वरचा थर फक्त एकरंगी कापडाचा, आत जुन्या लुगड्यांचे थर आणि पाठीला अंगाला मऊ लागणारं एखादं जुनं पातळ. गल्लीतल्या बायका जुन्या छापील साड्या आणून द्यायच्या, “मोठीमाय, याची शिवून दे ना, किती मस्त डिझाईन हाये.” ती साडी ठेवून घ्यायची आणि आतल्या थरात घालायची. कुणी तक्रार केली तर म्हणायची, “हाये ना आत. तुही साडी पोटात हाये. फुलं वावरात लावतो ना आपन, मंग गोदडीत कायले? झोपाच्या टायमाले डोयाले काम नाही पायजे.”

दुकानात ती रंग ठरवत नसे. ट्यूबलाईटच्या उजेडात सगळे रंग खोटं बोलतात असं तिचं ठाम मत होतं. भाऊने ताके काढले की ते उचलून ती रस्त्यावर यायची. दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या ऑटोंच्या शेजारी, उन्हात कापड धरायची, वर मेथीची काडी ठेवायची आणि डोळे किलकिले करून पाहायची. जमलं तर मान हलवायची, नाही तर ताका परत. सुरुवातीला भाऊ मागे मागे यायचा, कापडाची काळजी म्हणून. नंतर तो पायरीवर तिच्यासाठी स्टूल ठेवू लागला.

घरी आल्यावर कापलेले तुकडे अंगणात मांडायचे. वाफे असतात तसे लांबट, काही रुंद, काही बोटभर अरुंद. ती स्वतः ओट्यावर उभी राहायची आणि खाली जो कुणी असेल त्याला हुकूम सोडायची. “तो हयदीचा तिकडं ने. अजून. वांग्याले खेटून ठेव. आता दोघाईच्या मधातून वाट सोड.” वाट म्हणजे मांजरपाट, न धुतलेलं, न रंगवलेलं. तिच्या गोधडीत मांजरपाट नेहमी सगळ्यात जास्त असायचं. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने अशी एक गोधडी पाहिली आणि हा अगदी मॉडर्न प्रकार आहे असं तिने सांगितलं. मी ते मोठीमायला कळवलं.

“मॉडन म्हंजे काय वं?”

“म्हणजे साधं. फुलं नाहीत, थोडेच रंग, आणि मोकळी जागा जास्त.”

तिने जरा विचार केला. “मंग आपली वाडी मॉडनच हाये,” ती म्हणाली आणि सुईत अडकलेला दोरा दाताने तोडला.

या सगळ्याहून तिची एक रीत वेगळी होती. गोधडी ज्याच्यासाठी, त्याने एक रंग सांगायचा. कोणताही. त्या एका तुकड्याबद्दल ती वाद घालत नसे. बाकीचे रंग मात्र तिचे. कुणी म्हणालं, “तूच ठरव ना, तुला जास्त कळतं,” तर ती कात्री खाली ठेवायची. “अंगावर मी घेनार हावो का? एक रंग तुहा पायजे. नाही तं ते दुसऱ्याच्या घरची गोदडी होईन.” त्या एका रंगापासून तिचं काम सुरू व्हायचं. त्याला शेजारी कोण द्यायचा, कोण लांब ठेवायचा, याचाच सगळा विचार.

मी होस्टेलला निघाले तेव्हा मला विचारलं. मी राणी रंग सांगितला. तेव्हा माझी ओढणी, चप्पल, कंपास, सगळं राणी रंगाचं होतं. मोठीमायने कपाळाला हात लावला. “बाप्पा! रानी म्हने. आता बाकीच्याईले हिच्या घरी नोकर होऊन राहा लागते.” तिने चुलीतली राख चिमटीत घेऊन दुकान गाठलं आणि राखेच्या रंगाचं कापड आणलं. बाकी मांजरपाट, आणि मुळ्याच्या पानाच्या हिरव्याची एक बारीक पट्टी. राणी रंगाचा तुकडा एका कोपऱ्याकडे, एकटा. पूर्ण झालेली गोधडी पाहून मला तो रंग पहिल्यांदा शांत वाटला. “गोंगाट करनारं घरात एकच पायजे,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं.

स्वयंपाकघरातून रेखावहिनीचा आवाज आला, “मी नसली तं ह्या घरात आवाजच कोनाचा येईन, आत्याबाई?”

रेखावहिनी मानोऱ्याकडची. बाजारात भाजीचं दुकान तीच लावायची. तिला छापील कापडाचा भारी शौक. तिच्या खोलीच्या पडद्यावर गुलाब, उशीच्या खोळीवर गुलाब, अंगावरच्या साडीवर बहुधा मोर. सासूसुनांचं भांडण असं कधी झालं नाही, पण रंगांवरून दोघींची कुरबुर रोज चालायची आणि आम्हाला तिची इतकी सवय होती की ती नसेल त्या दिवशी कुणी तरी आजारी आहे का असं वाटायचं. “तुह्या डोयात रंग नाही वं,” मोठीमाय म्हणायची. “तुले नुस्ते फुलं दिसते.” रेखावहिनीने लग्नानंतर इतक्या वर्षांत एकदाही गोधडी मागितली नव्हती. तिला जो तुकडा हवा होता तो छापील होता, आणि तो मिळणार नाही हे तिला माहीत होतं.

तरी सुया तीच ओवून द्यायची. बाजारात जाण्याआधी बऱ्याच सुयांत दोरा घालून त्या ओट्यावरच्या जुन्या लोडात ओळीने टोचून ठेवायची. मोठीमाय दिवसभर त्यातली एकेक काढून घ्यायची. हे इतक्या वर्षांपासून चालू होतं की ते का चालू झालं हे कुणी विचारलं नाही.

पुढे पुढे मोठीमाय कापडाच्या तक्रारी करू लागली. “आताच्या कंपन्या रंगच मारत नाही. सगयं फिक्कं.” मांजरपाट मातकट येतं, पांढरा दोरा मळका असतो, असं भाऊला ऐकवायची. एकदा शिवून तयार झालेल्या गोधडीवर बोट ठेवून रेखावहिनी म्हणाली, “आत्याबाई, तुमी याले तपकिरी म्हनता, पन हा जांभया हाये.” मोठीमायने तिच्याकडे न पाहता तिचं नेहमीचं वाक्य म्हटलं. डोळ्यात रंग नाही, वगैरे.

तिच्या डोळ्यांत पडदा आला आहे हे आम्हाला कळायला हवं होतं. कळलं नाही, त्याचं एक कारण तिची भाजी. वांगं आणि वांग्याच्या रंगाचं कापड ती शेजारी ठेवून पाहायची. दोन्हींवर तिच्या डोळ्यांतला तोच पडदा होता. वांगं जेवढं मळकं दिसे तेवढंच कापडही. त्यामुळे जोडी बहुतेक वेळा बरोबर लागे आणि तिचं चुकतं आहे असं कुणालाच वाटत नसे. तिला स्वतःला मात्र कळलं होतं. ते तिने नंतर सांगितलं. जऊळक्याच्या तिच्या मोठ्या बहिणीने फार पूर्वी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि पट्टी सोडून लगेच चुलीपुढे बसली होती. तो डोळा गेला. तेव्हापासून ऑपरेशन म्हणजे डोळा जाणं, हे मोठीमायच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि डोळा गेला की ओटा, लोडातल्या सुया, पायरीवरचं स्टूल, सगळंच गेलं.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, सारिकाचं लग्न ठरलं. मोठीमायने तिला रंग विचारला. सारिका म्हणाली, “नेव्ही ब्ल्यू. आपल्या शाळेच्या स्कर्टचा होता ना, तो.”

“तो काय रंग हाये? पोट्ट्याईचा गनवेस.”

“मला आवडतो.”

रीत म्हणजे रीत. मोठीमाय वाडीत गेली. बराच वेळ आली नाही. मी पाहायला गेले तर ती वांग्यांच्या ओळीत उभी होती, हात रिकामे. “निई भाजी नसते,” ती म्हणाली. मला वाटलं, तिला गंमत वाटते आहे. मी हसले. ती हसली नाही, पण तेही माझ्या नंतर लक्षात आलं.

त्या दिवशी ती पहिल्यांदा रिकामी पिशवी घेऊन दुकानात गेली. भाऊने हातात दिलेला ताका नेव्ही ब्ल्यूच होता. ते कापड पुरलं नाही म्हणून ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा भाऊ कुठल्याशा लग्नाला गेलेला. काउंटरवर त्याची म्हातारी आई होती. तिने सांगितलं, “तुमीच घ्या पाहून, मोठीमाय, तुमाले काय सांगावं.” मोठीमायने स्वतः शेल्फातून ताका काढला, पायरीवर नेला, उन्हात धरला. वर ठेवायला काही नव्हतं. तिने तसाच मान हलवून कापायला दिला.

गोधडी रुखवतात मांडली होती. सनमाईकच्या टेबलांवर एका बाजूला लाडू-चिवड्याच्या बरण्या, लोकरीची तोरणं, शंखशिंपल्यांचा गणपती, आणि मागच्या दोरीवर ही पसरलेली. मांजरपाटाचं मोठं वावर, त्यात हळदीच्या रंगाची एक सरळ पट्टी, कोथिंबिरीचा एक वाफा आणि निळे वाफे. लांबून फार देखणी दिसत होती. नवरदेवाची मावशी जवळ गेली, चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हे काय वो? लग्नाच्या रुखवतात काया कपडा?”

तेव्हा आम्ही पाहिलं. निळ्या वाफ्यांमध्ये, जवळजवळ मधोमध, एक वाफा काळा होता. घरात, ओट्यावर, इतक्या दिवसांत कुणाच्याच लक्षात आला नव्हता. दिव्यांच्या लख्ख उजेडात, शेजारी खरा निळा असताना, तो लपत नव्हता. बायका जमल्या. मोठीमाय पुढे आली आणि त्या तुकड्यावर हात ठेवून उभी राहिली. ती बोटांनी कापड चाचपत होती. तिला त्यात काय चूक आहे ते दिसत नव्हतं, आणि ते तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

“अवो मावशी,” मागून रेखावहिनीचा आवाज आला, बाजारात भाव सांगते तेवढा मोठा, “तीट हाये ते! लेकराच्या गालाले लावतो का नाही आपन? इतक्या सुंदर गोदडीले कोनाची नजर लागली मंग? आमच्या आत्याबाई सगया विचार करून शिवते.”

मावशीने पुन्हा पाहिलं. “हो का?” ती म्हणाली. मग हसली. “डोकं हाये बाप्पा म्हातारीले.” दुसऱ्या बायकाही हसल्या, कुणी तरी फोटो काढला आणि मंडळी मांडवाकडे गेली. मोठीमाय तिथेच उभी होती, हात कापडावर. रेखावहिनीने तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसून अक्षतांची वाट पाहू लागली.

बोलणं झालं ते दोन दिवसांनी, पाहुणे गेल्यावर. मी ओट्यावर पायरीशी भाजी निवडत होते. रेखावहिनी सुया ओवत होती.

“रेखा, तो निया नव्हता ना?”

“नव्हता.”

“मंग तू तीट काहून म्हनली?”

“मंग काय म्हनू? माह्या सासूले दिसत नाही, असं म्हनू चारचौघाईत?”

मोठीमायने लोडातली एक सुई काढली आणि परत टोचली. मग म्हणाली, “मले दोनी एकच दिसते. लय दिवसाचं.”

“मले माहीत हाये.”

“कवापासून?”

“सुया कोन ओवून राह्यलं इतक्या वर्सापासून?” रेखावहिनीने हातातली सुई लोडात टोचली. “उद्या डॉक्टरकडं जाऊ.”

“ऑपरेशन नाही करत मी.”

“नका करू.” रेखावहिनी उठली. लोडातल्या ओवलेल्या सुया एकेक काढल्या, दोरे ओढून घेतले आणि रिकाम्या सुया डबीत टाकून डबी मोठीमायच्या मांडीवर ठेवली. “मंग मीबी ओवत नाही.”

पुढचे काही दिवस आमच्या गल्लीने जे पाहिलं ते अजून सांगितलं जातं. मोठीमाय एका हातात सुई आणि एका हातात दोरा घेऊन दारोदार फिरायची. “बाई, एवढं ओवून दे वं.” पण रेखावहिनी तिच्या आधी सगळ्या घरांत जाऊन आली होती. समोरच्या काकू म्हणाल्या, चष्मा माहेरी राहिला. पलीकडची म्हणाली, हाताला पीठ आहे. तिसरीने, जी कशिद्याचे क्लास घेते, चक्क सांगितलं की मला सुई ओवता येत नाही. मोठीमायला कळलं. ती दारात उभी राहून ओरडली, “सगय्या फितूर झाल्या! माह्या सुनेनं गल्ली बिघडवली!” आणि घरी येऊन ओट्यावर बसली. दिवसभर सुईच्या नाकाकडे दोरा नेत राहिली. दोरा बाजूने जात राहिला. संध्याकाळी रेखावहिनी बाजारातून आली, टोपली उतरवली, पाहिलं आणि आत निघाली.

“रेखा.”

“काय?”

“चाल. पन तू संग राहाजो.”

“दुसरं कोन राहीन?”

ऑपरेशन अकोल्याला झालं. पट्टी निघाली तेव्हा मी तिथे होते. मोठीमायने आधी भिंत पाहिली, मग खिडकी, मग बराच वेळ खिडकीबाहेर. “आभाय धुतलं का कोनं?” असं तिने नर्सला विचारलं. मग तिने रेखावहिनीकडे पाहिलं. आम्हाला वाटलं आता साडीवरच्या मोरांबद्दल काही तरी ऐकायला मिळणार.

“तुहे केस कवा पिकले वं?”

“तुमी मांजरपाटाले मातकट म्हनून राह्यल्या होत्या ना,” रेखावहिनी म्हणाली, “तवा.”

मोठीमायने हात पुढे केला आणि तिच्या कानाजवळचे केस बोटांनी चाचपले, कापड चाचपायची तसेच.

दुसऱ्या डोळ्याचं झालं, चुलीपुढे बसायची बंदी संपली आणि पहिल्याच उन्हाच्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या गोधड्या अंगणात काढायला लावल्या. ओट्यावर उभी राहून एकेक पाहत गेली. काहींवर नुसती मान हलवली. एकीजवळ खाली उतरली, वाकून पाहिलं, आणि म्हणाली, “जांभया हाये.”

आतून विचारणा झाली, “काय म्हनल्या?”

“काही नाही. चहा ठेव.”

मी आत गेले तर रेखावहिनी चहाच्या पातेल्यासमोर उभी होती, पदर तोंडाला लावून, आणि हसत होती का रडत होती ते मला सांगता येत नाही.

आता मोठीमायला एकाच गोष्टीची घाई होती. सारिकाच्या गोधडीतला काळा वाफा काढून तिथे निळा लावायचा. तिने भाऊकडून खरा नेव्ही ब्ल्यू कापून आणला, मला सोबत घेतलं आणि कारंज्याला सारिकाच्या सासरी गेली. पिशवीत कात्री, दोरा, सुई आणि निळ्याची घडी. सारिकाने गोधडी काढून दिली. मोठीमायने चटई पसरली, काळ्याचा पहिला टाका उसवायला सुई घातली, आणि तेवढ्यात तीच मावशी, जी त्या दिवशी तिथे पाहुणी होती, आतून धावत आली.

“अवो, काय करून राह्यल्या?”

“हा बदलतो. चुकून लागला होता.”

“तीट कोनी पुसते का? आन आता तं पोरीले दिवस राह्यले!” मावशीने गोधडी ओढून छातीशी धरली. “नाही बाई. मी हात नाही लावू देत.”

मोठीमायने खूप सांगितलं. मला दिसत नव्हतं, म्हणाली. ऑपरेशन झालं, म्हणाली. हे तिने परक्या घरात, स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने सांगितलं. मावशीने ऐकूनही घेतलं आणि वर म्हणाली, “मंग तं देवानंच लावला म्हना.” यापुढे बोलणं खुंटलं. येताना बसमध्ये मोठीमाय पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मालेगावचा फाटा मागे पडल्यावर एकदम हसायला लागली. “काया लावला तं लोकाईले आवडला,” ती म्हणाली. “जन्मभर रंग निवडू निवडू मेली मी.”

त्यानंतर आसपासच्या गावांतून लग्नाच्या गोधड्यांसाठी बायका आल्या की सांगायच्या, मोठीमाय, तीट पाहिजे बरं का. ती तोंड वाकडं करून लावायची. मात्र मधोमध कधी लावली नाही. कडेला, बोटभर. “दिसली पायजे, पन बोलली नाही पायजे,” असं तिने मला समजावून सांगितलं, आणि मग स्वतःच्या चुकीला असा नियम लावून दिल्याबद्दल जरा समाधानाने सुपारी कातरली.

एका दुपारी तिने रेखावहिनीला हाक मारून समोर बसवलं.

“रंग सांग.”

“कोनाच्या गोदडीचा?”

“तुह्या.”

रेखावहिनी कामाचं निमित्त काढून उठायला लागली. मोठीमायने तिचा पदर धरला. त्यावर मोर होते. “सांग ना.”

“तुमाले नाही जमत तो. मले फुलं पायजे.”

“आन मंग.”

रेखावहिनीने तिच्या खोलीतल्या जुन्या पडद्याचा तुकडा आणला. लाल गुलाब, हिरवी पानं, मागे आकाशी. मोठीमायने तो उन्हात धरला, बराच वेळ पाहिला. एक शब्द वाईट बोलली नाही. फक्त म्हणाली, “याच्या शेजारी कोनाले बसवू? लय बोलते हा.” ती गोधडी करायला तिला पूर्ण हिवाळा लागला. गुलाबांच्या आकाशीतला आकाशी घेतला, पानांतल्या हिरव्यासाठी गवारीच्या शेंगेशी जुळणारा हिरवा घेतला, आणि बाकी सगळं मांजरपाट. इतकं मांजरपाट तिने कुठल्याच गोधडीत घातलं नव्हतं. मधोमध तो एक गुलाबांचा वाफा. टाके तिने स्वतः ओवलेल्या सुयांनी घातले. त्या काळात ती लोडात सुया टोचून ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

ती शेवटची गोधडी, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या थंडीत मोठीमायला ताप आला आणि तो उतरला नाही. ती गेली तेव्हा रेखावहिनीची गोधडी तिच्या अंगावर होती, कारण घरात सगळ्यात ऊबदार तीच होती, आणि कारण रेखावहिनीने दुसरी घालू दिली नाही.

यंदा मी गावी गेले तेव्हा रेखावहिनी मॅचिंग सेंटरला निघाली होती. सारिकाच्या नणंदेचं लग्न आहे, गोधडी सांगितली आहे, रंग तोच निळा, आणि तीट हवीच. आता ती शिवते. तिच्या टाक्यांत मोठीमायची सफाई नाही, आणि वरच्या थरात एखादा छापील तुकडा हळूच येतो, पण वाट ती सोडते. मी सोबत गेले. बायका काउंटरला टेकून उभ्या होत्या. रेखावहिनीने त्यांच्यामधून हात घालून काउंटरवर मेथीच्या काड्या ठेवल्या, मग एक वांगं, देठासकट. भाऊने न विचारता ताके काढले.

“अजून काय, वहिनी?”

तिने पिशवीच्या तळातून प्लॅस्टिकची छोटी पुडी काढली. आत कारंज्याहून परत आलेला नेव्ही ब्ल्यूचा तुकडा होता, घडीच्या रेघांवर जरासा विटलेला. मोठीमायने तो तिच्या हातात दिला होता, आजारपणात, शुद्धीवर असताना. “हे ठेव,” म्हणाली होती. “आपली निई भाजी.”

भाऊने तो तुकडा पाहिला. शेल्फातून दोन ताके उचलले, एक निळा, एक काळा, काउंटरची फळी वर केली आणि आमच्या आधी पायरीवर जाऊन उन्हात उभा राहिला. स्टूल अजून तिथेच होतं.